रुग्णवाहिकेत जुळी जन्मली, यात आनंद कसला?

मोठी पोस्ट आहे, वेळ काढून वाचा. शेवटी एक काम सांगितलंय.

परवापासून आपल्या तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. १०८ ची गाडी, दारात उभे डॉक्टर आणि चालक, हातात टॉवेलात गुंडाळलेली दोन बाळं. वर मथळा, ‘धावत्या रुग्णवाहिकेत जुळ्यांना जन्म, माता व बाळं सुखरूप’. खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. दोन पुढाऱ्यांनी सत्कार जाहीर केला. एकानं तर शाल-श्रीफळ घेऊन फोटोही काढला, बाळं मागं आणि साहेब पुढं.

त्या डॉक्टरला आणि चालकाला माझाही नमस्कार. आपल्या रस्त्यावर, हलत्या गाडीत, एकापाठोपाठ दोन बाळं बाहेर काढायची म्हणजे चेष्टा नाही. दुसरं बाळ पोटात आडवं झालं असतं तर काय केलं असतं, हा विचार त्या दोघांच्या मनात नक्की आला असणार. अंगठा दाबणाऱ्यांच्या मनात तो आला नाही, एवढंच माझं म्हणणं.

मग मी चौकशी केली. बाईच्या पोटात दोन आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत निघालं होतं. कार्डावर लाल स्टिकर होता. लाल स्टिकर म्हणजे जोखमीची माता, हे सरकारनंच २०१६ ला सुरू केलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ठरवलेलं आहे. म्हणजे स्टिकर लावला आणि काम झालं. कळा सुरू झाल्यावर बाई आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून ‘पुढं न्या’. पुढं नेताना गाडीत. आठ महिने पूर्ण व्हायच्या आत.

जुळ्यांचं बाळंतपण हा काही रस्त्यावरचा अपघात नाही. अपघात न सांगता होतो. हा पाहुणा सहा-सहा महिने आधी चिठ्ठी पाठवून येतो, आणि आपण मात्र तो दारात उभा राहिल्यावर पाट शोधायला लागतो.

हिशेब बघा. साधारण शंभर बाळंतपणांमागं एखादं जुळं असतं. आपल्या तालुक्यात वर्षाला दीड-दोन हजार बाळंतपणं धरली तर जुळी किती? पंधरा-वीस बायका. अख्ख्या तालुक्यात, अख्ख्या वर्षात. शाळेच्या वहीच्या एका पानावर नावं मावतील. प्रत्येकीचं गाव, फोन नंबर, कितवा महिना, पुढची तपासणी कधी, बाळंतपण कुठं, गाडी कुणाची. हे पान आपल्या तालुक्यात कुणाकडं आहे? मी तीन ठिकाणी विचारलं. पोर्टलवर नोंद आहे म्हणाले. पोर्टलवर असेलच हो. पोर्टल कळा आल्यावर फोन उचलत नाही.

आता जरा दवाखान्याच्या भाषेत जावं लागेल, पण हे सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे, विशेषतः ज्यांच्या घरात सुना-लेकी आहेत त्यांनी.

आपल्याकडं सोनोग्राफी म्हणजे ‘बाळ हाय ना, ठोके हायत ना’ एवढंच. जुळ्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळाच असतो. प्रत्येक बाळाची वार वेगळी आहे, की दोघांत मिळून एकच? हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान, म्हणजे तिसरा महिना सरताना केलेल्या सोनोग्राफीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. दोन बाळांमधला पडदा जिथं वारेला टेकतो तिथं त्रिकोणी पाचर दिसली तर वार दोन, पडदा सरळ काटकोनात टेकलेला दिसला तर वार एक. दिवस जातील तसं हे ओळखणं अवघड होतं. पाचव्या महिन्यात बऱ्याचदा खात्रीनं सांगताच येत नाही.

आणि यात एवढं काय अडलंय? सगळं यातच अडलंय. वार एक असेल तर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभर जणींपैकी दहा-पंधरा जणींत तोल बिघडतो आणि एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडं जायला लागतं. देणारं सुकत जातं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या काळजावर ताण येतो, त्याच्याभोवती पाणीच पाणी. आईचं पोट आठवड्याभरात टम्म होतं, दम लागतो, झोपता येत नाही. आणि घरात काय म्हणतात? ‘जुळी हायती, पोट मोठं दिसायचंच.’ या एका वाक्यानं किती बाळं गेली असतील देव जाणे. वेळेत पकडलं तर लेझरनं त्या जोडलेल्या वाहिन्या बंद करता येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मोजक्या ठिकाणी ते होतं. त्यालाही मुदत असते, साधारण सहाव्या महिन्याच्या आत. मुदत गेली तर बहुतेकदा दोन्ही जातात.

म्हणून वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी, आणि वार दोन असतील तर महिन्याला एक, असा जगभरचा रिवाज आहे. आपल्या लाल स्टिकरवाल्या बाईला सरकारी खात्यातून अख्ख्या गरोदरपणात किती मिळाल्या? एक. तीही पाचव्या महिन्यात. तिच्या रिपोर्टची प्रत मी बघितली. दोन बाळांचे ठोके, दोघांचं वजन, ‘जुळी गर्भधारणा’, सही, शिक्का. वारेबद्दल एक अक्षर नाही.

आपल्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं मशीन नाही असं कुणी म्हणू नये. आहे. फीत कापलेली मी डोळ्यांनी बघितली, पेढाही खाल्ला. आठवड्यातून एक दिवस तपासायला डॉक्टर येतात, आणि त्या एका दिवशी दारात शंभर बायका. एकेकीला चार-पाच मिनिटं. चार मिनिटांत वारेचा त्रिकोण कोण शोधणार? बाकी सहा दिवस मशीनवर निळं कापड. ज्यांना जमतं त्या हजार-दीड हजार रुपये घेऊन बाहेर जातात, ज्यांना जमत नाही त्या पुढच्या आठवड्याची वाट बघतात. डॉक्टरला मी दोष देत नाही. एक माणूस तीन रुग्णालयं सांभाळतो. पण मशीनचं उद्घाटन करणाऱ्यानं माणसाची भरती का केली नाही, हा प्रश्न तर विचारता येतो ना?

पहिल्या सोनोग्राफीचा आणखी एक उपयोग. नेमके दिवस तिच्यावरून ठरतात. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त बाळं सदतीस आठवड्यांच्या आत येतात. मग कळा सुरू झाल्यावर पहिला प्रश्न असतो की आठवडा कितवा. चौतीसच्या आत असेल तर आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन द्यायचं. बारा-बारा तासांनी चार. त्यानं बाळाच्या फुप्फुसाला बळ येतं. याची किंमत किती? चहा-नाश्त्याच्या पैशात चारही डोस होतात. केंद्र सरकारनं २०१४ मध्येच लिहून दिलंय की पुढं पाठवण्याआधी पहिला डोस उपकेंद्राची नर्ससुद्धा देऊ शकते. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेनं अभ्यास केला, २०२० मध्ये तो छापून आला, आणि या इंजेक्शनानं बाळांचे मृत्यू कमी होतात हे आपल्यासारख्याच गरीब मुलखात सिद्ध झालं. परवाच्या बाईला ते मिळालं का? केंद्रात नाही, ग्रामीण रुग्णालयात नाही. दोन्हीकडं उत्तर एकच, ‘पुढं देतील’. पुढं म्हणजे रस्त्यावर?

हे ‘पुढं देतील’ फार धोकादायक आहे. मी ते घरात भोगलंय, म्हणून तावातावानं बोलतोय. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाची सून. जुळी, सातवा महिना. रात्री साडेअकराला पाणी गेलं. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, इथं बाळाची पेटी नाही. दुसऱ्यात पेटी होती पण बालरोगतज्ज्ञ सुट्टीवर. तिसऱ्यात सगळं होतं, जागा नव्हती, एका पेटीत आधीच दोन-दोन बाळं. चौथा खाजगी, तिथं आधी पैसे. चार दारं, सहा तास. चारपैकी एकाही दारातून पुढच्या दाराला फोन गेला नाही. प्रत्येकानं फक्त चिठ्ठी दिली. पहिल्या बाळाचं वजन तेराशे ग्रॅम, ते आज रांगतंय. दुसरं तिसऱ्या दिवशी गेलं. खाजगीचं बिल भरायला दीड एकर गहाण पडलं. सून आजही दोन अंगडी धुते, एक घालते आणि एक घडी करून ठेवते. जाऊ द्या. इथं एवढंच सांगायचं की त्या सहा तासांत कुणीही वाईट वागलं नाही. सगळे आपापल्या परीनं बरोबर होते. आणि बाळ गेलं.

काही जण म्हणतील, हे आपल्याच मागास भागाचं दुखणं. तसं नाही. मार्च २०२५ मध्ये पुण्यात काय झालं ते सगळ्या राज्यानं बघितलं. सातव्या महिन्यातली जुळ्यांची गरोदर बाई, एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या दारात, आणि दहा लाखांची अनामत. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणं वरून फोन जाऊनही उपयोग झाला नाही. दुसरीकडं जुळ्या मुली झाल्या, बाई गेली. नवरा आमदाराच्या कार्यालयात काम करणारा होता. ज्याच्या फोनमध्ये आमदाराचा नंबर आहे त्याची ही गत, तर ज्याच्या फोनमध्ये फक्त मुकादमाचा नंबर आहे त्यानं काय करायचं? बोंब झाल्यावर त्या रुग्णालयानं तातडीच्या रुग्णांकडून अनामत घेणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे उपकारच! उच्च न्यायालयानं मान्य केलेली धर्मादाय रुग्णालयांची योजना २००६ पासून आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार. हे आधीपासूनच बंधनकारक होतं.

दुसरं टोक बघा. ऑगस्ट २०२२. देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करत होता, घरोघरी तिरंगा. त्याच आठवड्यात पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका पाड्यावर सातव्या महिन्यात बाई घरीच बाळंत झाली. जुळी. रस्ता नाही, गाडी येत नाही. दोन्ही बाळं आईच्या डोळ्यांसमोर गेली, आणि रक्त जात असलेल्या आईला माणसांनी झोळीत घालून तीन किलोमीटर चालत नेलं. मुंबईपासून ती जागा फार लांब नाही. एका ठिकाणी रस्ता नव्हता, एका ठिकाणी दहा लाख नव्हते. आपल्याकडं रस्ता आहे, गाडीही येते, फक्त गाडी जिथं पोचवते तिथं काही नसतं.

राज्याचे आकडे चांगले आहेत हे मी नाकारत नाही. २०१८-२० च्या मोजणीत लाख बाळंतपणांमागं ३३ मातामृत्यू, केरळच्या खालोखाल महाराष्ट्र. त्याचं श्रेय आशाताई आणि नर्सबाईंचं आहे, ते कुणी काढून घेऊ नये. पण सरासरी फार गोड बोलते. तिच्यात मुंबईचं रुग्णालयही आलं आणि फडावरची कोपीही आली.

हो, फडावर येतो आता, कारण आपल्या बीड जिल्ह्यात तो विषय सोडून गरोदरपणावर बोलणं म्हणजे नुसती पोपटपंची.

दसरा झाला की टोळ्या निघतात, पट्टा पडल्यावर पाडव्याच्या आसपास परत येतात. पाच-सहा महिने. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीची. बाई बसली तर खाडा. आता जिला श्रावणात दिवस गेले, तिचा तिसरा महिना कुठं सरतो? कारखान्याच्या वाटेवर. वारेची ती सोनोग्राफी राहिली. सोळावा आठवडा, विसावा, चोविसावा कुठं? सांगली, कोल्हापूर, बेळगाव. पंधरा दिवसांनी तपासणी म्हणे! फडावर पंधरा दिवसांनी साधी आंघोळीची सुट्टी मिळत नाही. पोटात दोन घेऊन बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहते. आपल्या राज्यात गरोदर बायकांत शंभरातल्या पंचेचाळीसच्या आसपास रक्त कमी असलेल्या आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं म्हणणं. जुळ्यांना तर लोह जास्त लागतं. बाळंत झाल्यावर ताणलेली गर्भपिशवी लवकर आकसत नाही आणि रक्त जास्त जातं. आधीच सात-आठ हिमोग्लोबिन, त्यात हे. हिशेब तुम्हीच करा. रक्तदाब वाढायचा धोका दुप्पट-तिप्पट, तो मोजायचं यंत्र कोपीवर कोण घेऊन येणार?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे ना. टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे असं ठरलंय. त्यातून एक काम होऊ शकत नाही का? टोळी निघायच्या आधी गावातच प्रत्येक गरोदर बाईची एक सोनोग्राफी, आणि जुळी निघाली तर तिची उचल माफ. माफ म्हणजे महामंडळानं भरायची. वर्षाला तालुक्यातल्या पाच-सात बाया असतील. मुकादमाचं नुकसान नको, बाईचा जीवही नको. हे मी दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत बोललो होतो. ‘चांगली सूचना आहे’ असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. इतिवृत्ताला शंभर वर्षं आयुष्य लाभो.

मदतीचं बघा. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात सातशे रुपये. मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला पाच हजार, पोटात एक असो की दोन. अंगणवाडीतून मिळणारा आहार एका बाळाच्या मापाचा. दोन बाळं असलेल्या बाईला दोन पाकिटं द्या म्हटलं तर अंगणवाडीताईच्या नोंदवहीत तसा रकाना नाही. बिचारी स्वतःच्या घरून शेंगदाणे देते, अशा अंगणवाडीताई मला माहीत आहेत. त्यांचा सत्कार करा की.

आता दोन शब्द ‘आमच्या आजीला घरातच जुळी झाली’ म्हणणाऱ्यांसाठी, कारण कमेंटमध्ये ते येणारच. काका, तुमची आजी वाचली म्हणून तुम्ही ही गोष्ट सांगायला आहात. जी वाचली नाही तिचे नातू कमेंट करायला जन्मलेच नाहीत. आणि जुळं केळं खाल्लं म्हणून जुळी झाली, दृष्ट लागेल म्हणून कुणाला सांगू नका, हे बंद करा. सातव्या महिन्यापर्यंत लपवायचं आणि कळा आल्यावर गाव गोळा करायचं, यात दृष्ट कुणाची लागते?

बाजारानंही यात हात धुऊन घेतलेत. जिल्ह्याच्या गावात बसस्टँडसमोर टेस्ट ट्यूब बेबीचा फलक बघितला असेल. गोरी-गोमटी दोन बाळं, जणू एकावर एक फ्री. मूल होत नाही म्हणून रानं विकून आलेल्या जोडप्याला ‘दोन-दोन भ्रूण सोडू, एक तरी टिकेल’ असं सांगायचं, आणि दोन्ही टिकली की अभिनंदन करून मोकळं व्हायचं. पुढचं गरोदरपण, पेटीतले महिना-दीड महिना, त्याचं बिल, ते सगळं जोडप्याच्या बोकांडी. एका वेळी एकच भ्रूण सोडलं तर जुळ्यांची जोखीम टळते हे तिथल्या डॉक्टरला माहीत नसतं असं थोडंच आहे? फलकावर एक बाळ कमी आकर्षक दिसतं, दुसरं काय.

तसंच ‘जुळी म्हणजे सिझरच’ हे. सरसकट खरं नाही. २०१३ मध्ये पंचवीस देशांतल्या अठ्ठावीसशे बायकांचा मोठा अभ्यास आला. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर ठरवून सिझर केल्यानं बाळांचा फायदा झाला नाही. पण त्यातली अट वाचा. नैसर्गिक बाळंतपण करणारा अनुभवी डॉक्टर हजर, आणि गरज पडली तर लगेच सिझर करता येईल अशी तयारी. ती तयारी नसेल तर सिझर बरं, हेही खरं. म्हणजे पुन्हा मुद्दा तयारीचाच. दोन बाळं म्हणजे दोन गरम पाळणे, दोन श्वासाच्या पिशव्या, बाळ हातात घेणारी दोन माणसं, रक्ताच्या पिशव्या आधीच राखून ठेवलेल्या. आपल्या ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवायचा फ्रिज आहे. बंद आहे. परवान्याचं नूतनीकरण झालेलं नाही असं कळलं. फ्रिज असून रक्त नाही, मशीन असून डॉक्टर नाही, स्टिकर असून विचारपूस नाही. आपल्या तालुक्याचं हे असंच आहे, विहीर आहे पण दोर नाही.

बाळाच्या पेट्यांबद्दल तर काय बोलावं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यात बारा नवजात. तेव्हा प्रशासन म्हणालं, लांबलांबून, उशिरा, गंभीर अवस्थेत रुग्ण येतात. मान्य. मग ते उशिरा का येतात? कारण खालचा प्रत्येक जण ‘पुढं न्या’ म्हणतो. खासदारांनी जाऊन अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला, व्हिडिओ फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या दवाखान्यात डॉक्टर बसवायला मात्र कुणी झाडू घेऊन गेलं नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. मेडिकल कॉलेज मागत नाही. अंबाजोगाईला ते आहेच, तिथं वेळेत आणि नीट पोचवा एवढंच मागतोय. वरच्या वहीच्या पानावरच्या पंधरा-वीस बायकांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर पाहिजे, आणि दर सोमवारी प्रत्येकीला फोन. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी, आपल्याकडं डॉक्टर नसेल तर बाहेर करा आणि पैसे शासनानं भरा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं, रक्त, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत आहे, ही काही भीक नाही. रिपोर्टवर वार एक की दोन हे लिहिलेलं नसेल तर रिपोर्ट परत. प्रत्येक केंद्रात डेक्सामेथासोन, आणि ते द्यायला नर्सबाईला कुणाची परवानगी मागावी लागू नये. पुढं पाठवताना चिठ्ठीबरोबर फोन, आणि समोरच्यानं ‘जागा आहे’ म्हटल्याशिवाय गाडी हलू नये. जागा नसेल तर ती शोधायचं काम दवाखान्याचं, रात्री साडेअकराला नातेवाइकांचं नाही.

आणि एक. आदिवासी भागात ‘माहेरघर’ योजना आहे. बाळंतपणाच्या आधी काही दिवस बाई केंद्राजवळच येऊन राहते, बरोबर घरचं माणूस, जेवणाची सोय, बुडीत मजुरीही मिळते. तशीच एक खोली आपल्या ग्रामीण रुग्णालयात जुळ्यांच्या आणि इतर जोखमीच्या बायकांसाठी का नको? मागच्या बाजूला दोन क्वार्टर रिकामी आहेत, खिडक्या तेवढ्या नाहीत. खिडक्या आपण वर्गणीतून बसवू. गणपतीला मंडप घालतो, तसं.

ज्यांच्या घरात आत्ता जुळी आहेत त्यांना मात्र थांबायला सांगणार नाही. रिपोर्ट काढा, वारेचं लिहिलंय का बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा, लाजू नका. रक्तदाब दर तपासणीला मोजून घ्या. गोळी चुकवू नका. डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, अंगावरून पाणी किंवा रक्त, पोट एकदम वाढणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. बाळंतपण कुठं करायचं ते सातव्या महिन्याच्या आत ठरवा, रक्त देणारी दोन माणसं सांगून ठेवा. कमी दिवसांची झाली तरी आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायची, बापानंही धरायची. आणि दुधाच्या डब्याच्या मागं लागू नका, दोघांना पुरेल एवढं दूध आईला येतं, तिला पोटभर जेवू घाला आणि धुणी-भांडी दुसऱ्यानं करा.

या सोमवारी सकाळी अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या दारात निवेदन द्यायला जमायचं आहे. पुढाऱ्यांनीही यावं, शाल घरी ठेवून. निवेदनाला जोडण्यासाठी मला कागद पाहिजेत. गेल्या तीन वर्षांत तुमच्या घरात जुळी झाली असतील, जगली असोत की नसोत, तर कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रेफरच्या चिठ्ठ्या यांच्या झेरॉक्स आणा. नावावर काळी पट्टी मारून मगच जोडू. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी फोटो इनबॉक्स करा, फक्त तारीख आणि वेळ वाचता येईल असा काढा.